अन्याय, धैर्य आणि बलिदान : वऱ्हाडातील ख्रिस्ती विचार आणि धम्मदृष्टी

वऱ्हाडच्या सामाजिक इतिहासाचा अभ्यास करू लागले असता एक प्रश्न अभ्यासकाची वाट वारंवार अडवितो. १९२७ च्या नोव्हेंबर महिन्यात वऱ्हाड प्रांतातील अस्पृश्य समाज अमरावती येथे एकत्र आला, त्यावेळी अकोला, अमरावती आणि एलिचपूर या परिसरात ख्रिस्ती मिशनांचे कार्य सुरू होऊन सुमारे अर्धशतक लोटले होते. निरपराध असूनही खिळ्यांनी ठोकला गेलेला पुरुष आणि त्याच्या मरणाने झालेली जगाची मुक्ती ही कथा या प्रांताच्या बाजारपेठांतून, शाळांतून आणि दवाखान्यांतून मराठी भाषेत सांगितली गेली होती. ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय झाला त्यांना ही कथा सर्वाधिक जवळची वाटावी, अशी अपेक्षा कोणीही केली असती. परंतु वऱ्हाडातील बहुसंख्य अस्पृश्य समाज चर्चकडे वळला नाही. १९२७ साली तो अंबादेवीच्या दारावरील आपल्या हक्काचा उच्चार करण्यासाठी उभा राहिला आणि १९५६ साली त्याने बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाण्याचा मार्ग पत्करला. असे का झाले?

या प्रश्नास दोन सोपी उत्तरे दिली जातात. मिशनांचे कार्य केवळ धर्मांतरासाठी होते, म्हणून ते निष्फळ ठरले, असे एक उत्तर आहे. अस्पृश्यांना ख्रिस्ती शिकवणीचे मर्मच कळले नाही, असे दुसरे. ही दोन्ही उत्तरे आम्हांस अपुरी वाटतात. प्रस्तुत लेखात अन्याय, नैतिक धैर्य आणि मुक्तिदायी बलिदान या तीन पदांचा ख्रिस्ती अर्थ समजून घेऊन, वऱ्हाडच्या भूमीवर त्या अर्थाचे काय झाले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचे परीक्षण कसे केले, हे पाहण्याचा आमचा प्रयत्न आहे.

तीन पदांचा ख्रिस्ती अर्थ

ख्रिस्ती विचारातील अन्यायाची कल्पना यहुदी संदेष्ट्यांपासून आलेली आहे. इसवी सनापूर्वी आठव्या शतकातील आमोस या संदेष्ट्याने, गरिबांना पायदळी तुडविणाऱ्यांची यज्ञयाग व उत्सवांची पूजा ईश्वरास नकोशी आहे, असे बजावले होते. अन्याय हा केवळ माणसाविरुद्धचा नव्हे, तर ईश्वराविरुद्धचा अपराध होय, हे या परंपरेचे गृहीतक आहे. येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांतात, रस्त्यात घायाळ पडलेल्या माणसाला टाळून पुरोहित निघून जातो आणि ज्याला समाज तुच्छ लेखतो तोच त्याची शुश्रूषा करतो. ज्या देशात स्पर्शानेही विटाळ होतो असे मानले गेले, त्या देशात या दृष्टांताचे सामर्थ्य वेगळे सांगण्याची गरज नाही.

नैतिक धैर्य म्हणजे सत्याची साक्ष देणे आणि त्या साक्षीचे मोल प्राणाने चुकविण्यास सिद्ध असणे. दगडांच्या माऱ्याखाली मरण पत्करणारा स्तेफन हा या परंपरेचा आद्य हुतात्मा. अलीकडच्या काळात जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहोफर याने हिटलरच्या राजवटीस विरोध केला आणि ९ एप्रिल १९४५ रोजी त्यास फाशी देण्यात आली. फुकटात मिळणारी कृपा ही कृपाच नव्हे, तिची किंमत मोजावी लागते, असा त्याच्या विचाराचा गाभा होता.

तिसरे पद सर्वांत कठीण आहे. ख्रिस्ताच्या मरणाने माणसाची मुक्ती होते, ती कशी? अकराव्या शतकाच्या अखेरीस आन्सेल्म या आचार्याने असे प्रतिपादन केले की, मानवाच्या पापाने ईश्वराचा जो अवमान झाला त्याची भरपाई मानव करू शकत नव्हता. ती ख्रिस्ताने आपल्या मरणाने केली. बाराव्या शतकात अबेलार्डने वेगळी मांडणी केली. ख्रिस्ताच्या मरणात प्रकट झालेले प्रेम पाहून माणसाचे अंतःकरण पालटते, हाच त्या मरणाचा परिणाम होय, असा त्याचा भर होता. पहिल्या मतानुसार बलिदान माणसाच्या वतीने ऋण फेडते, तर दुसऱ्या मतानुसार ते माणसाला जागे करते. हा भेद वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढील सर्व विवेचन त्यावरच अवलंबून आहे.

अकोल्याची साक्ष

१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि १९०३ साली ते मध्यप्रांतास जोडले गेले. कापूस आणि रेल्वे यांच्या मागोमाग मिशनरीही या प्रांतात स्थिरावले. अकोला हे पुढे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन मिशनचे एक प्रमुख केंद्र झाले. तेथे कार्य करणाऱ्यांमध्ये मार्कस फुलर आणि त्यांच्या पत्नी जेनी फुलर हे दांपत्य होते. जेनी फुलर यांचे हेलन डायर यांनी जे चरित्र लिहिले, त्याच्या नावातच अकोला आणि मुंबई या दोन ठिकाणांचा उल्लेख आहे.

जेनी फुलर यांचा भारतीय स्त्रीवरील अन्यायांविषयीचा इंग्रजी ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध झाला. त्यास पंडिता रमाबाईंची प्रस्तावना होती. बालविवाह, सक्तीचे वैधव्य, मुरळी आणि देवदासी या प्रथांचे विवेचन त्यात आहे. ग्रंथाच्या नावात त्यांनी स्त्रियांचे 'दुर्दैव' म्हटले नाही, 'अन्याय' म्हटले, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. दुर्दैवास कर्ता नसतो, अन्यायास असतो. ज्या समाजात विधवेचे दुःख तिच्या पूर्वसंचिताचे फळ मानले जात होते, तेथे त्या दुःखास अन्याय हे नाव देणे ही स्वतंत्र विचारक्रांती होती. त्यापूर्वी जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी तेच केले होते आणि १८८२ साली ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' या पुस्तकात तेच निर्भीडपणे मांडले होते. ताराबाई बुलढाण्याच्या, म्हणजे याच वऱ्हाडच्या, हे येथे अवश्य नमूद केले पाहिजे. अन्यायाला अन्याय म्हणण्याचा मक्ता कोणत्याही एका धर्माकडे नव्हता.

प्रस्तावना लिहिणाऱ्या रमाबाईंचे चरित्र नैतिक धैर्याचा वस्तुपाठ आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, परंतु केवळ चर्चच्या अधिकारावर विसंबून एखादा सिद्धांत मान्य करण्यास त्यांनी नकार दिला. आपल्या धर्मगुरूंशी आणि सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात हा स्वतंत्र बाणा पदोपदी दिसतो. स्वजनांचा रोष पत्करून धर्म बदलणे आणि नव्या धर्मातही विवेक गहाण न टाकणे, असे हे दुहेरी धैर्य होते. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात जाऊन त्यांनी निराधार मुली व स्त्रियांना आश्रय दिला. पुढे १८९९-१९०० चा, लोकस्मृतीत 'छप्पन्या' म्हणून राहिलेला दुष्काळ वऱ्हाडवरही कोसळला. त्या काळात मिशनांनी अनाथ मुलांना आधार दिला. अचलपूरजवळील कोठारा येथे कुष्ठरोग्यांची सेवा झाली. ज्यांना घरच्यांनीही टाकले, त्यांच्या जखमा परक्यांनी धुतल्या. बौद्ध वाचकाने हे सत्य संकोच न करता मान्य केले पाहिजे. रुग्ण भिक्षूची शुश्रूषा स्वहस्ते करणाऱ्या तथागतांच्या अनुयायास अशी सेवा परकी वाटण्याचे कारण नाही.

अमरावती, १९२७

सेवा आणि न्याय या मात्र दोन भिन्न गोष्टी आहेत. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात प्रवेश मिळावा, ही अस्पृश्यांची मागणी मंदिराच्या व्यवस्थापकांनी मान्य केली नाही, तेव्हा सत्याग्रहाचा विचार पुढे आला. १३ व १४ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. त्याच वर्षी मार्च महिन्यात महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पेटले होते. अमरावतीच्या परिषदेस डॉ. पंजाबराव देशमुख यांच्यासारख्या सवर्ण समाजातील तरुण नेत्याचा पाठिंबा होता. परिषद चालू असतानाच बाबासाहेबांचे थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची वार्ता येऊन थडकली. तरीही परिषदेचे कार्य थांबले नाही. मंदिराच्या पंचांतील प्रमुख दादासाहेब खापर्डे यांनी मुदत मागितल्यामुळे सत्याग्रह तूर्त पुढे ढकलण्यात आला.

या परिषदेचे वैशिष्ट्य असे की, तेथे जमलेल्यांनी दया मागितली नाही. आपण माणूस आहोत, म्हणून सार्वजनिक देवस्थान आपलेही आहे, असा त्यांचा दावा होता. मिशनच्या दारी अस्पृश्य माणूस रुग्ण, अनाथ वा विद्यार्थी म्हणून गेला; तेथे त्याला काही मिळत होते. अंबादेवीच्या दारी तो हक्क सांगणारा नागरिक म्हणून उभा राहिला. तेथे त्याला काहीतरी मिळवावे लागणार होते. एकाच जिल्ह्यातील या दोन दारांमधील अंतर म्हणजेच आमच्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला भाग होय.

बाबासाहेबांचे परीक्षण

१३ ऑक्टोबर १९३५ च्या येवला येथील घोषणेनंतर ख्रिस्ती धर्मगुरूंनी बाबासाहेबांशी संपर्क साधला. बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्म तुच्छ लेखून दूर सारला, असे मानणे चुकीचे ठरेल. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापूर येथे ख्रिस्ती समाजासमोर केलेल्या भाषणात, धर्मांच्या तौलनिक अभ्यासात बुद्ध आणि ख्रिस्त या दोनच व्यक्तिमत्त्वांनी आपणास आकर्षित केले, असे त्यांनी सांगितले. त्याच भाषणात त्यांनी परखड बोलही सुनावले. अस्पृश्याला बाप्तिस्मा दिला की आपले कर्तव्य संपले, असे मिशनरी मानतात. त्याच्या राजकीय हक्कांकडे ते लक्ष देत नाहीत, ही त्यांची तक्रार होती.

या तक्रारीचे मूळ त्यांनी भारतीय ख्रिस्ती समाजाविषयीच्या आपल्या लेखनात उकलून दाखविले आहे. हे लेखन त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. मिशनांनी शिक्षण आणि वैद्यकीय सेवा या क्षेत्रांत केलेल्या कार्याची ते तेथे नोंद घेतात. परंतु धर्मांतरित अस्पृश्य अन्यायाविरुद्ध पेटून का उठत नाही, असा प्रश्नही ते विचारतात. त्यांच्या मते हिंदू असताना तो आपल्या अधोगतीचे कारण पूर्वकर्मात शोधत होता. ख्रिस्ती झाल्यावर त्याला सांगण्यात आले की, हे कारण आदिमानवाच्या पापात आहे. आधी दोष स्वतःच्या मागील जन्माचा होता, आता तो पूर्वजांचा झाला. ज्या समाजरचनेने त्याला खाली दाबले, ती रचना दोन्ही वेळा निर्दोष सुटली.

येथे बाबासाहेबांचा आक्षेप ख्रिस्ताच्या करुणेवर नाही. अन्यायाचे निदान चुकले, तर बलिदानाचे औषध कितीही थोर असले तरी रोग बरा होत नाही, हे त्यांचे म्हणणे आहे. जेनी फुलर यांनी विधवेच्या दुःखास अन्याय म्हटले, तेव्हा निदान अचूक होते. मात्र तोच अन्याय 'सर्व मानव पापी आहेत' या सामान्य विधानात विरघळविला गेला की, मंदिराचे दार बंद करणारा आणि दाराबाहेर उभा असलेला हे दोघेही सारखेच अपराधी ठरतात.

लादलेले दुःख आणि स्वीकारलेले दुःख

बलिदान मुक्तिदायी ठरते ते स्वेच्छेने पत्करलेले असते म्हणून. ख्रिस्ती परंपरेचाही हाच आग्रह आहे. मग ज्याचे दुःख त्याच्यावर जन्मतः लादले गेले, त्याला 'दुःख सोस, त्यातच तारण आहे' असे सांगता येईल काय? ज्याच्या हाती काही आहे तोच त्याचा त्याग करू शकतो. मेलेले जनावर ओढण्याचे काम ज्याच्या गळ्यात बांधले गेले, त्याच्या कष्टास त्याग म्हणणे ही त्यागाची आणि त्या माणसाची, दोहोंची विटंबना होय.

बलिदानाची तयारी नेहमी दुर्बलाच्याच बाजूने उभी राहते, असेही नाही. २० सप्टेंबर १९३२ रोजी येरवडा तुरुंगात गांधीजींनी प्राणांतिक उपोषण आरंभिले. स्वतःच्या देहाला क्लेश देऊन दुसऱ्याचे हृदय पालटावे, या त्यांच्या कल्पनेस ख्रिस्ताच्या गिरिप्रवचनाचाही आधार होता. परंतु त्या क्लेशाचा भार अस्पृश्यांच्या प्रतिनिधीवर पडला आणि २४ सप्टेंबर रोजी स्वतंत्र मतदारसंघ सोडून देणारा पुणे करार झाला. ज्याने उपवास केला तो थोर ठरला. ज्याने हक्क सोडला त्याच्या त्यागाची मोजदाद झाली नाही.

ख्रिस्ती विचारवंतांनाही हा प्रश्न पुढे जाणवला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांनी निरपराधाच्या दुःखात मुक्तिदायी शक्ती असते अशी श्रद्धा बाळगली. परंतु त्यांनी आपल्या लोकांना घरी बसून सोसण्यास सांगितले नाही, रस्त्यावर उतरविले. डेलोरेस विल्यम्स या कृष्णवर्णीय विदुषीने १९९३ च्या आपल्या ग्रंथात, ज्या स्त्रियांना गुलामगिरीत दुसऱ्यांच्या वाट्याचे भोग भोगावे लागले त्यांच्यापुढे 'दुसऱ्याच्या बदल्यात मरणे' हा आदर्श ठेवणे घातक आहे, असे दाखवून दिले. आपल्याकडे अरविंद निर्मल यांनी १९८० च्या दशकात दलित धर्मशास्त्राची मांडणी केली आणि ख्रिस्तालाच दलित म्हणून पाहिले. या मांडणीत क्रूस हा सोसण्याचा उपदेश राहत नाही. व्यवस्था निरपराधाचा कसा बळी घेते, याचा तो पुरावा होतो. बाबासाहेबांच्या आक्षेपास चर्चच्या आतून मिळालेला हा प्रतिसाद आहे, असे आम्ही मानतो.

धम्मदृष्टी

बौद्ध परंपरेतही आत्मत्यागाच्या कथा विपुल आहेत. वऱ्हाडच्या वेशीलगतच्या अजिंठ्यात त्या भिंतींवर रंगविल्या आहेत. सतराव्या लेण्यात सर्वस्व दान करणारा विश्वंतर आहे. दुसऱ्या लेण्यात क्षांतिवादीची कथा असून तिच्यासोबत आर्यशूराच्या 'जातकमाले'तील श्लोकही लिहिलेले आहेत. क्षांतिवादी तापसाचे अवयव राजा एकेक करून तोडवितो, तरी तापसाच्या मनात द्वेष उपजत नाही. क्रूसावरून मारेकऱ्यांसाठी क्षमा मागणाऱ्या येशूची येथे सहज आठवण होते. तथापि एक भेद आहे. तापसाच्या सहनशीलतेने राजाचे पाप धुतले जात नाही. राजाच्या कृत्याचे फळ राजासच भोगावे लागते. क्षमा ही क्षमा करणाऱ्याची सिद्धी आहे, अपराध्याची सुटका नव्हे.

पालि 'मज्झिमनिकाया'तील पुण्णोवाद सुत्ताचा नायक पुण्ण हा तर आपल्याच पश्चिम किनाऱ्याशी जोडलेला आहे. सुनापरान्त हा त्याचा प्रदेश सोपाऱ्याच्या परिसरात मानला जातो. तेथील लोक क्रूर आहेत, शिव्या देतील, दगड मारतील, कदाचित ठारही करतील, असे तथागत त्यास विचारतात. प्रत्येक उत्तरात पुण्णाचे चित्त अढळ राहते आणि तो निघतो. आपल्या मरणाने त्या लोकांची मुक्ती होईल, असा त्याचा दावा नाही. तो त्यांना धम्म सांगावयास जातो, चालावयाचे त्यांनी. नैतिक धैर्याची ही बौद्ध व्याख्या आहे.

म्हणूनच बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तथागतांना मार्गदाता म्हटले, मोक्षदाता म्हटले नाही. त्याच ग्रंथात त्यांनी दारिद्र्य व हीनतेचे समर्थन करणारा पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांतही नाकारला. हे दोन निर्णय एकत्र वाचले पाहिजेत. अन्यायाचे कारण मागील जन्मात नाही, आदिम पापातही नाही. ते माणसांनी रचलेल्या समाजात आहे. त्यामुळे त्याचा नाशही माणसांनीच करावयाचा आहे. वऱ्हाडातील समाज अंबादेवीच्या दारापासून नागपूरच्या दीक्षाभूमीपर्यंत आला, तो या निदानाच्या बळावर. आमच्या प्रश्नाच्या उत्तराचा हा दुसरा भाग होय.

आपल्यापुढील कसोटी

या विवेचनाने बौद्धांनी समाधान मानून थांबावे, असे मात्र नाही. दोन गोष्टींचा आपण विचार केला पाहिजे.

पहिली गोष्ट शेजाऱ्याच्या अन्यायाची. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित करण्यात आला. १९५६ साली त्यात शीख आणि १९९० साली बौद्ध समाविष्ट झाले. ख्रिस्ती झालेल्या दलितांना तो दर्जा मिळालेला नाही. ज्यांचे आजोबा एकाच वेशीबाहेर राहत होते, त्यांतील एकाचा नातू सवलतीस पात्र आणि दुसऱ्याचा अपात्र, असे हे चित्र आहे. १९९० पूर्वी हीच वेदना आपण भोगली आहे. जो अन्याय आपल्यापुरता मिटला, त्याविषयी बोलत राहणे यातच नैतिक धैर्याची परीक्षा असते. सोलापुरात ख्रिस्ती समाजाला राजकीय हक्कांसाठी जागे होण्यास सांगणाऱ्या बाबासाहेबांचे अनुयायी या प्रश्नावर मौन पाळू शकत नाहीत.

दुसरी गोष्ट अधिक अंतरंगातील आहे. बाबासाहेबांनी आपल्यासाठी देह झिजविला, संसारसुख सोडले, आप्तांचे मृत्यू गिळून समाजाचे काम केले. अमरावतीची परिषदच त्याची साक्ष देते. त्यांच्या त्यागाचे स्मरण करणे हे आपले कर्तव्य आहे. परंतु त्यांनी आपल्या वतीने सर्व ऋण फेडले, आता आपण केवळ वंदन करावे आणि त्यांच्या नावाने सुखी असावे, अशी भावना आपल्या मनात रुजत असेल, तर आपण नकळत आन्सेल्मच्या सिद्धांताकडे वळलो आहोत, असेच म्हणावे लागेल. ज्यांनी मोक्षदाता ही कल्पनाच नाकारली, त्यांनाच आपण मोक्षदाता केले, असा त्याचा अर्थ होईल.

महापुरुषाचे बलिदान अनुयायांचे ऋण फेडत नाही, ते अनुयायांवर ऋण ठेवून जाते. वऱ्हाडातील प्रत्येक विहारात त्रिशरण म्हटल्यानंतर पंचशील म्हटले जाते. शरण जाणे एका क्षणाचे असते, शील मात्र रोज पाळावे लागते. वेशीबाहेर आज कोण उभे आहे, कोणत्या दारी कोणास अडविले जात आहे, हे पाहणे आणि तेथे जाऊन त्याच्या शेजारी उभे राहणे, एवढे धैर्य आपल्या हातून घडले, तर १९२७ च्या त्या परिषदेचे अपुरे राहिलेले कार्य पुढे नेले, असे आपणास म्हणता येईल.